डोंगरातला उंदीर, मैदानातला उंदीर

आरएनए फार नाजूक. नमुन्याच्या नळीला आतून उघडं बोट लागलं, तरी त्वचेवरची विकरं त्याचे तुकडे करतात. म्हणून उंदराच्या पोटरीचा स्नायू काढला की माझं बोलणं थांबतं. तो तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. कोणतं जनुक त्या घटकेला किती कामात होतं, हे त्या आरएनएवरूनच कळतं. उशीर झाला, की उंदराच्या जगण्याऐवजी आपल्या हाताळणीचीच नोंद वाचावी लागते.

माझा उंदीर म्हणजे उत्तर अमेरिकेतला डिअर माऊस, जेमतेम वीस ग्रॅमचा. नेब्रास्काच्या ४३० मीटर उंचीवरच्या मैदानात तो राहतो, आणि कोलोरॅडोत ४,३५० मीटरवरच्या शिखरावरही. वर ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यात थंडी अशी, की अंग गरम ठेवायला तोच ऑक्सिजन जास्त लागतो.

दोन्हीकडचे उंदीर पकडून नुसते ताडून पाहिले, तर फरक दिसतो, पण तो वंशातून आलेला की राहणीतला, हे उमगत नाही. जीवशास्त्रज्ञ झॅकरी शेव्हिरॉन, जे स्टॉर्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या कामाचा मला आदर वाटतो तो यासाठी. त्यांनी जागच्या जागी तपासलेले उंदीर, खाली आणून एकाच वातावरणात ठेवलेले उंदीर आणि तिथंच जन्मलेली त्यांची पिल्लं असे तीन गट अभ्यासले. तिन्ही गटांत, कमी ऑक्सिजनमध्ये ऊब निर्माण करण्यात डोंगरी उंदीर सरस ठरले. इंधन जाळणारी, स्नायूत रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकं त्यांच्यात अधिक जोमानं चालत होती. तरीही जनुकांच्या कामातले बहुतेक बदल वाढीच्या वयात किंवा हवामान बदलल्यावर घडणारे निघाले. म्हणजे डोंगरी उंदराच्या यशात या लवचिकपणाचाही मोठा वाटा आहे.

पण लवचिकपणा नेहमी हिताचा नसतो. मैदानी उंदीर विरळ हवेत राहिला, की त्याच्या हृदयाचा उजवा कप्पा जाडावतो. डोंगरी उंदरात ही प्रतिक्रिया दबलेली आढळते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीनं इथं शरीराला नवं काही करायला शिकवलेलं नाही. करू नये ते थांबवलं आहे. नवे विद्यार्थी आलेखात उसळलेल्या रेषा शोधतात. मी त्यांना सपाट रेषांपाशी थांबवते, आणि मग नळीवरची चिठ्ठी वाचायला लावते: उंदराचे आईबाप कुठले, तो जन्मला कुठे, आणि किती आठवडे कुठल्या हवेत राहिला.