तक्रार निवारण अधिकारी

पावसाळा लागला की पाचगणीचे पाहुणे पसरणीचा घाट उतरतात आणि आमच्या वहिनींच्या स्ट्रॉबेरी जॅमच्या बरण्या माळ्यावर चढतात. यंदा साठ चढल्या, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, ऑनलाइन विकू. पण वेबसाइट प्रोफेशनल दिसली पाहिजे!"

दिसली. शेतामागे बर्फाचे डोंगर, मजकूर इंग्रजी, आणि किंमत शोधायला तीन पाने उलटायची. वहिनी चष्मा लावून म्हणाल्या, "अरे, हे टेबललँड कुठल्या बाजूनं?"

काउंटरवर वीस वर्षे काढलेला माणूस एक गोष्ट जाणतो. पैसे देण्यापूर्वी गिऱ्हाईक खिडकीमागचा चेहरा बघते. मी म्हटले, "डोंगर काढ. वहिनींचा फोटो लाव. खाली वजन, किंमत, टपालखर्च, पत्ता आणि अन्न नोंदणीचा १४ आकडी नंबर."

"हे तर पासबुकासारखं दिसेल!"

"लोक पासबुकावरच विश्वास ठेवतात, बाबा."

मग त्याने २०२० चे ई-कॉमर्सचे नियम काढले. साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव हवे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. घरात कारकून एकच! बँकेने वीस वर्षांत न दिलेले अधिकारीपद मला असे जॅमने दिले.

पहिली ऑर्डर नागपूरची, सहा बरण्यांची. काच असून सगळ्या सुखरूप पोचल्या. पाठोपाठ पहिली तक्रारही आली: "जॅम फार गोड आहे."

पोच मी तासाभरात दिली. निवारणाला महिना आहे. पण हे वहिनींच्या कानावर घालायचे कोणी, एवढेच त्या नियमांत लिहिलेले नाही.