घासलेटाची बाटली आणि बॅटरीचं युनिट

तिन्हीसांजेच्या आधी अर्धा तास आजी पडवीत पोतं अंथरून बसायची. समोर तीन कंदील, वाटीभर चाळलेली राख आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं. काचा पुसायचं काम माझं, कारण कंदिलाच्या काचेत मोठ्या माणसाचा हात जात नसे. आधी राखेचं फडकं फिरवायचं, मग कोरडं, शेवटी तोंडाची वाफ देऊन पुन्हा एकदा. काजळीचा एक ठिपका राहिला तरी आजीला तो दिसायचा. मग ती कात्रीने वातीचं जळकं टोक सरळ कातरायची. वात तिरकी कापली तर ज्योत एका अंगाला चढते आणि काच घटकाभरात काळी होते.

घासलेट मात्र ती कुणाला घालू देत नसे. रेशनवर मिळालेलं महिनाभर पुरवायचं, म्हणून एका ठरावीक बाटलीने मोजून घालायची. माजघरातला कंदील रात्रभर मंद, स्वयंपाकघरातला जेवणं आटपेपर्यंत, तिसरा गोठ्यात जाण्यापुरता. कुठे किती वेळ उजेड लागणार, हे तिचं आधी ठरलेलं असे. हर्णैजवळच्या आमच्या वाडीत वीज आली होती, पण पावसाळ्यात ती पाहुणीसारखीच. झाड तारेवर पडलं, डीपीवरचा फ्यूज उडाला, की वायरमन येईपर्यंत दोन-दोन दिवस काळोख. आणि लाइट आली की सगळ्या वाडीतून एकदम आरोळी उठायची, ‘आलीऽऽ!’ आजी बल्बलाही हात जोडायची.

पुढे भारनियमनाचे दिवस आले. दाभोळच्या खाडीपलीकडे अंजनवेलला उभा राहिलेला एवढा मोठा वीजप्रकल्प २००१मध्ये बंद पडलेला, २००५मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालेली, आणि आमच्याकडे लाइट जाण्याचं वेळापत्रक कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं. त्या काळात आम्ही पहिला इन्व्हर्टर घेतला. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, ‘पंखे किती?’ आम्ही म्हटलं, चार. त्याने बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी दिली. पन्नास किलोंच्या वरचं ते धूड दोघांनी मिळून जिन्याखाली ठेवलं.

दीडशेला बाराने गुणलं की अठराशे वॉट-अवर होतात, म्हणजे कागदावर पावणेदोन युनिटांहून किंचित जास्त. पण शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो. म्हणून जपून वापरायची तर एक युनिटभरच हाती लागतं. जुना पंखा पाऊणशे वॉट ओढतो. चार पंखे लावले, त्यात टीव्ही, की तीन तासांत बॅटरी बसायचीच. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहून जाई. दोन वर्षांत बॅटरी गेली. आजी असती तर बाटलीने मोजल्याशिवाय तिने हा व्यवहार केला नसता.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडालाही झोडपून गेलं. नारळी-पोफळी आडव्या, विजेचे खांब मोडून रस्त्यात. घरात तेव्हा दुसरी, नवी बॅटरी होती. पहिल्या रात्री पंखा फिरला, दुसऱ्या रात्री नुसता एक दिवा, तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर गप्प. आमच्या वाडीत वीज यायला सव्वीस दिवस लागले.

आईचं इन्शुलिन फ्रिजमध्ये होतं. तिने माळ्यावरून एक मडकं काढलं, ते मोठ्या मडक्यात ओल्या वाळूवर ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं आणि कुप्या आत ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडत होती. त्या सव्वीस दिवसांत भर उकाड्यात मडक्याचा तो गारवाच आमच्या कामी आला.

त्यानंतर आम्ही पुन्हा बॅटरी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ओळखीच्या वायरमनने आईला समजावलं, ‘काकू, बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. दोन दिवसांपुढचं बघायचं तर वर सोलर पॅनेल हवं.’ आईने कॅलेंडरची मागची बाजू उलटली आणि लिहायला बसली. कमी वीज खाणारे नवे दोन पंखे, तीस वॉटचे. एलईडी दिवे चार, नऊ वॉटचे. मिळून शंभराच्या आत, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला एक युनिट. वर लहान फ्रिज, त्याचं रात्रीचं अर्धं युनिट धरलं. मिक्सर, गिझर, टीव्ही यांच्यावर तिने स्वतःच काट मारली. मला घासलेटाची ती बाटली आठवली.

दीड युनिटाच्या या हिशेबावर आम्ही अडीच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली आणि छपरावर किलोवॉटभर पॅनेल. पहिल्या दिवशी पैसे जास्त लागले, हे खरं. पण ही बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पाणी घालावं लागत नाही, वजन शिशाच्या मानाने फारच कमी, आणि हजारो वेळा भरून रिकामी करता येते. इन्व्हर्टर मात्र लिथियमला चालणाराच लागतो, आणि फ्रिज सुरू होताना काही क्षण कितीतरी पट वीज ओढतो, तो झटका सोसणारा हवा.

शेजारच्यांनी अनुदानातून तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली आहे, बॅटरीशिवाय. लाइट गेली की भर उन्हात त्यांचं घर बंद. ते चिडतात, पण यंत्र बिघडलेलं नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते स्वतःहून बंद होतं, आणि ते योग्यच आहे. वादळानंतर खांबांवर चढलेली ती माणसं मी पाहिली आहेत.

आता लाइट गेलेली आम्हाला कळतही नाही. ‘आलीऽऽ’ची आरोळी गेली, काळोखात पडवीत जमून भुताच्या गोष्टी सांगणं गेलं, याची मला मनापासून हुरहुर वाटते. कंदिलाचा धूर मात्र परत नको. त्या धुरात आजी आयुष्यभर खोकली.

तुम्ही बॅटरी घ्यायला निघाला असाल तर दुकानात जाण्याआधी मे महिन्यात एका रात्री घरचा मेन स्विच बंद करून बघा. काय नसल्याने खरोखर अडतं, तेवढंच कागदावर लिहा, त्याचे वॉट आणि तास मांडा. मग दुकानदाराला पंख्यांची संख्या सांगू नका, युनिटं सांगा.