चुन्यात पडलेला मका

माझ्या लेखी चुना म्हणजे आजोबांच्या चंचीतला. ओट्यावर मिठाशेजारी ठेवलेला चुना मी पहिल्यांदा पाहिला तो मेक्सिको सिटीत. तिथल्या माझ्या घरमालकीणबाई मूळच्या गेर्रेरो राज्यातल्या. तिकडे गुरुवार पोसोलेचा, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या मांसाहारी रश्श्याचा, म्हणून बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे मका चुन्यात पडायचा.

मका काकावासिंत्ले जातीचा: पांढरा, टपोरा, पिठूळ. किलोभर दाण्यांना साधारण दहा ग्रॅम चुना. चुन्याच्या पाण्यात पडताच पांढरे दाणे पिवळे होऊ लागतात. मंद आचेवर ठेवायचे, मधूनमधून एखादा दाणा चिमटीत चुरून बघायचा; साल सुटली की गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी ते बुळबुळीत पाणी ओतून द्यायचं आणि दाणे तळव्यांत चोळत धुवायचे. अर्धी विरघळलेली साल पाण्याबरोबर निघून जाते. नंतरचं काम किचकट: दाण्यादाण्याचं कणसाकडचं टोक नखाने उडवायचं. "ते राहिलं तर दाणा फुलत नाही," बाई बजावायच्या. टोक काढलेला मका बाजारात मिळतो, पण तो त्यांच्या मते आळशांसाठी. मला विचाराल तर आळशी शहाणे.

चुन्याचं काम सालीपाशी संपत नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, शरीराला सहजी मिळत नाही. चुन्यात शिजल्यावर ते मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, ही रीत मात्र मागेच राहिली. १७३५मध्ये गास्पार कासाल या वैद्याला स्पेनच्या आस्तुरियास भागात, मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांत एक त्वचारोग दिसला. तोच नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा. पुढे उत्तर इटली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने माणसं मारली. आपल्या दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्यांत आढळला, हैदराबादला सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला.

बाईंना यातलं काहीबाही सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग ते लोक मका खायचे तरी कसा?" नुसता दळून, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

गुरुवारी दाणे डुकराच्या मुंडक्याबरोबर तासन्‌तास शिजत आणि पाकळ्या उमलाव्यात तसे फुटत. गेर्रेरोचा पोसोले हिरवा: भोपळ्याच्या बिया आणि हिरवी मिरची वाटून घातलेला. वरून कांदा, ओरेगानो, लिंबू, अवोकाडो. मुंडकं पातेल्यात असेपर्यंत मी स्वयंपाकघरात फिरकत नसे. वाडगा समोर आला की मात्र दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.