पाहुण्याची सही

पॅसिफिक महासागरातला पलाऊ हा जेमतेम १८ हजार वस्तीचा देश. रॉक आयलंड्सची हिरवी बेटं, जेलीफिशचं तळं आणि प्रवाळ बघायला कोविडपूर्वी तिथं वर्षाला वस्तीच्या कितीतरी पट पर्यटक येत. बऱ्याच घरांची चूल त्यावरच पेटते. तरीही डिसेंबर २०१७ पासून पाहुण्याच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याची प्रतिज्ञा उमटवतात आणि खाली त्याची सही घेतात. ही प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. ती लिहायलाही मुलांची मदत झाली. १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक सनस्क्रीनवरही बंदी आली. ज्याच्या पैशावर घर चालतं, त्यालाच अट घालायला हिंमत लागते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत याला 'अमानत' म्हणतात, मराठीत 'ठेव'. वस्तू आपल्या हाती आहे, पण आपली नाही. सहल किल्ल्यावर नेताना आम्ही मुलांना बजावतो, भिंतीवर नावं कोरू नका. तिथं गेल्यावर त्यांना मोठ्यांनीच कोरलेली नावं दिसतात. पलाऊनं हा क्रम उलटा केला. तिथं अट मुलांची आणि सही मोठ्यांची.