कुठे निघालीस?

रहस्याच्या अंगाने जाणारी प्रेमकथा लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, खून सोपा असतो. अवघड असतो तो पाठलाग, आणि त्यातही धुळ्या-जळगावातला. मुंबईत लागोपाठ दोन दिवस तोच माणूस दिसला की वाचक सावध होतो. इथे देवपुरातून आग्रा रोडला जाईपर्यंत बाईला ओळखीचे पाच-सातजण भेटतात आणि जो तो विचारतो, "कोठे जाई राह्यनी?" पाळत ठेवणं हा इथला शेजारधर्मच. मग त्यातल्या एकाचीच भीती वाटावी कशी?

मी वर्षानुवर्षं याच जागी अडते. नायक तीनदा विचारतो, "कुठे निघालीस?" शब्द तेच हवेत, नाहीतर ती वाचकाची फसवणूक. पहिल्या वेळी वाचक सुखावला पाहिजे, तिसऱ्या वेळी त्याच वाचकाला पान उलटवू नये. मधली दुसरी वेळ काही केल्या साधत नाही. तिथे मी आपला पाऊस पाडते.

जळगावची एक मुलगी हल्ली माझ्याकडे लिहायला शिकायला येते. तिने माझं बाड वाचलं, पाऊस काढून टाकला आणि मे महिन्यातली दुपार घातली. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, मेहरूण तलावाकडचा रस्ता ओस, दारं-खिडक्या बंद, आणि तो कुठेच नाही. नायिका रसवंतीवरून घरी पोचते तोच फोन : "रसात बर्फ नको म्हणालीस, बरं केलंस. घसा बसतो तुझा." दुसऱ्या वेळी त्याने विचारलंच नाही! मी वाचलं आणि चहा टाकायला उठले. हेवा वाटला, दुसरं काय.

पाठलागाचं कलम, ३५४-ड, २०१३ साली आलं; २०२४ पासून ते न्याय संहितेत ७८वं आहे. मागे लागून संपर्क साधण्याच्या गुन्ह्यात बाईने नापसंती स्पष्ट दाखवलेली असावी लागते. माझी नायिका दीडशे पानं नापसंती दाखवतच नाही, तिला तो आवडतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळही येतो, पण दाद मागायला जायचं तर आधी तिला तो छळ वाटला पाहिजे. माझी सगळी गोष्ट त्याच्या अलीकडची.

हिंदी सिनेमाने आमचा धंदा नासवला, हे मी कुठेही सांगेन. १९९३च्या 'डर'मधून लोक बाहेर पडले ते पाठलाग करणाऱ्यावर जीव लावून. 'रांझणा' तर कलम आलं त्याच वर्षीचा. १९९०मध्ये उल्हासनगरात दहावीचा पेपर देणाऱ्या मुलीला वर्गात घुसून जाळलं, तरी वर्तमानपत्रं अशा बातम्या अजून प्रेमाच्याच खाती टाकतात. आणि हे नवे ऑडिओवाले! भाग संपताना दार करकरवलं की झालं यांचं रहस्य.

पण मी तरी कुठे सोवळी आहे? माझ्या एका खलनायकाला मारू नका म्हणून बायकांची पत्रं आली. ती मी जपून ठेवलीत, आल्यागेल्याला दाखवते. नायिकेची चौकशी करणारं एकही पत्र त्यात नाही. त्याच्या दुमडलेल्या बाह्यांवर मी जेवढी रमले तेवढी तिच्या घाबरण्यावर कधी रमले नाही. देखणा वाईट पुरुष लिहिताना हात आपोआप चालतो आणि वर शाबासकीही मिळते.

"बाई, तो दिसूच देऊ नका, नुसता फोन ठेवा," असं त्या जळगावच्या मुलीचं म्हणणं. बरोबरही असेल. बाह्यांचं वाक्य मात्र मी काढणार नाही. रसवंतीचा फोन ठेवला आहे. ऋणनिर्देशात तिचं नाव घालायचं का, हा विषय मी अजून काढलेला नाही, आणि तिनेही नाही.