मामा, ढग आला तर…

ती. मामांस,


आमच्या सोलर विमानाचं ऐकून तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "आणि ढग आला की?"

ढग आला म्हणून ते कोसळत नाही. पंख लांब, वजन जेमतेम सव्वा किलो; मोटर थांबली तरी तरंगत उतरतं. पोटात एक छोटी बॅटरीही आहे.

आमचं भांडण चालतं ते वेगळ्याच सावलीवरून. पंखावर २४ सेल एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेत. सेल १२५ मिलिमीटरचा, पापडासारखा तडकणारा. भर उन्हात अर्धा व्होल्ट आणि तीनेक वॅट देतो. त्यातल्या एकावर जरी शेपटीची सावली पडली, तरी अख्ख्या माळेचा प्रवाह अडतो. म्हणून दर ८ सेलांना एक बायपास डायोड लावलाय; तेवढा तुकडा वगळून वीज पुढे जाते. कागदावर सत्तरेक वॅट दिसतात, हाती ५० लागले तरी गंगेत घोडं न्हालं. सरळ उडत राहायला आमच्या हिशेबाने २५ पुरतात.

गंमत म्हणजे सेलला ऊन हवं, पण उष्णता सोसत नाही. तापला की व्होल्टेज उतरतं. म्हणून एप्रिलपेक्षा फेब्रुवारी बरा.

विमानासाठी गच्ची अडवली म्हणून कुरकुरणाऱ्या आईला अमोल यादवांचा दाखला दिला. मूळचे आपल्या पाटण तालुक्यातले, कांदिवलीत गच्चीवर खरंखुरं विमान बांधलं. ती म्हणाली, "त्यांनी स्वतःची गच्ची अडवली, माझी नाही."

आणि हे खूळ आमचंच नाही. ४ नोव्हेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियात बाउचर यांचं 'सनराइज' असंच विनावैमानिक उडालं. ४५० वॅटसाठी त्याला ४०९६ सेल लागले होते. आज दीडशेत भागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेने शेजारच्या कर्नाटकातच, चित्रदुर्ग जिल्ह्यात, १२ मीटर पंखांचं सौर विमान आठ तासांहून जास्त हवेत ठेवलं.

अडलंय ते उडवायच्या जागेवर. जो तो म्हणतो, चाळकेवाडीच्या पठारावर जा. पण तिथे पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात? आमचं विमान ताशी तीसेक किलोमीटरनं चालतं. समोरून तेवढाच वारा आला तर जागच्या जागी, जास्त आला तर उलटं मागे. कासचं नावही नको, ती जागा फुलांची. सकाळी वारा पडलेला असतो, पण ऊन तिरपं. दुपारी ऊन मिळतं, तर वारा सुटतो. मधले तास-दोन तास काय ते आमचे.

तुमची आटपाडी-जतकडे माणसं आहेत. तिकडे एखादा मोकळा माळ बघाल? बाभळी आणि विजेच्या तारा नसलेला, मालकाची हरकत नसलेला. ड्रोनच्या सरकारी नकाशात तो हिरव्या पट्ट्यात येतो का, ते आम्ही तपासू.

तुमचा,
भाचा