टर्बो गेलेला नाही

मुलुंड पूर्व
रविवार, रात्र

अगं,

‘अजून ती गाडी विकली नाहीस?’ एवढं एक वाक्य पाठवून तू मोकळी झालीस. याचं उत्तर मोबाइलवर अंगठ्याने बडवत बसणं माझ्या जिवावर येतं, म्हणून हे पत्र. शांतपणे वाच. मध्येच ‘थोडक्यात सांग ना’ म्हणायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी थोडक्यात नाही.

नाही विकली. आणि तुला सांगते, विकणारही नाही.

फोटो पाठवला तेव्हा ‘छान लाल आहे’ एवढीच दाद दिली होतीस तू. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या बाईने लाल रंगावर थांबावं? भागुभाई पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून गुण्याला लावायचीस, तेव्हा मधून उजेड दिसला तर जेवायला यायची नाहीस. ती तू आता वायपरचं रबर बदलायलाही गाडी सर्व्हिस सेंटरला नेतेस म्हणे! जर्मनीने माझी मैत्रीण बिघडवली.

तर ही स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. हे मॉडेल २००४ मध्ये भारतात आलं, औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलं जायचं. दिसायला घरंदाज, चार माणसं आणि लग्नाचा बस्ता सहज मावेल एवढी डिकी. पण बोनेटखाली १७८१ सीसीचं टर्बो इंजिन, एकेका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. तुझ्या बाबांच्या पद्मिनीला चाळीस होती, आणि त्या चाळिसावर आपण सहाजणी माथेरानच्या पायथ्यापर्यंत गेलो होतो. आता हिशोब कर. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये याच नावाची नवी गाडी आली. देशभरात मिळून शंभरच गाड्या, प्रत्येकी जवळपास पन्नास लाखांची. त्याही बाजारात येण्याआधीच संपल्या. माझी दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली आहे, स्टिअरिंगचं कातडं हाताच्या जागी गुळगुळीत झालंय. मला ती तशीच आवडते.

पावसाळा संपता संपता तिचं दुखणं सुरू झालं. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप वर-खाली व्हायचं. फ्लायओव्हर चढताना ऐनवेळी दम सोडायची, मागचे हॉर्न वाजवायचे. मग इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, इंजिन रेस केलं, कान दिला आणि म्हणाला, “मॅडम, टर्बो गेला.” आकडा लाखाच्या वरचा सांगितला. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, एवढ्या किलोमीटरला जातोच.

याचा मला फार राग आला, तुला सांगते. ‘जातोच’ हे काय निदान झालं? माणूस साठीचा आहे म्हणून त्याचं हृदय तपासल्याशिवाय कुणी उघडत नाही ना? मी चावी घेतली आणि गाडी हळूहळू चालवत घरी आणली.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आमची जागा कोपऱ्यातली, जांभळाखाली. तिथे माझा दवाखाना मांडला. केस घट्ट बांधले, ओढणी वर घरीच ठेवली (फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी नको, हे सरांनी तुला उद्देशूनच सांगितलं होतं, आठवतं?). आधी टर्बोच बघितला. इंजिन थंड असताना त्याच्या तोंडावरचा पाइप काढला आणि आतल्या पंख्याची दांडी दोन बोटांत धरून हलवली. बाजूला किंचित खेळ होता, तेवढा असायचाच. आत-बाहेर अजिबात नाही. पाती शाबूत, कवचाला कुठे घासल्याची खूण नाही. सायलेन्सरमधून निळा धूर तर कधीच नव्हता. म्हणजे टर्बो गेलेला नाही. त्या दिवशी एवढं एकच कळलं, पण रात्री झोप छान लागली.

मग स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे मधूनच तो पेट घेत नाही, असा कोड आला. ‘तीन नंबरची कॉइल बदला’ असं स्कॅनर कधी म्हणत नाही बघ. कुठे दुखतंय तेवढं सांगतो, का ते आपण शोधायचं. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, त्यामुळे एक फुकटची परीक्षा घेता येते. तीनची कॉइल काढून एकवर बसवली, एकची तीनवर, कोड पुसला आणि गाडी नाक्यापर्यंत फिरवून आणली. पुन्हा बघते तर मिसिंग एक नंबरवर! कॉइल गुन्हेगार हे सिद्ध झालं, प्लग आणि इंजेक्टर सुटले. मी पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. वॉचमनकाका धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

पण कॉइल बदलूनही चढावरचा दम आला नाही. आता खरी मजा, नीट वाच. ही गाडी इंजिनात किती हवा शिरते ते तोंडाशीच मोजते आणि त्या मापाने पेट्रोल सोडते. मोजल्यानंतर वाटेत हवेची चोरी झाली की सगळा हिशोब कोलमडतो. इंजिन नुसतं सुरू असताना आत पोकळी तयार होते, मग भेगेतून न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि पेट्रोल कमी पडतं. स्कॅनरवर दिसत होतं की उभ्या गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल बरंच वाढवतोय आणि अडीच हजार आरपीएमला ते वाढवणं जवळजवळ थांबतंय. हवा कुठून तरी आत येतेय याची ही पक्की खूण. कुठून, ते मात्र स्कॅनर सांगत नाही.

म्हणून हार्डवेअरवाल्याकडून पीव्हीसी पाइपाचं झाकण आणलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आणि ते झाकण टर्बोच्या तोंडाशी पाइपात क्लॅम्पने आवळलं. आता पायपंपाने बेताची हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवतो, तेच तत्त्व.

नेमके तेव्हा सेक्रेटरीकाका नोटीस घेऊन आले. ‘पार्किंगच्या जागेचा गॅरेज म्हणून वापर करू नये.’ टाइप केलेली, शिक्का मारलेली. मी म्हटलं, काका, मला दोन हात आहेत, एका हातात बाटली आणि दुसऱ्यात आरसा, पंप कोण मारणार? ते दोन मिनिटं गप्प उभे राहिले. मग नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि पंपावर पाय दिला. “डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितलाच आहे,” म्हणाले. तेवढ्यात माझ्या लेकीच्या सगळ्या मैत्रिणी जमल्या आणि उरलेल्या साबणाच्या पाण्याचे फुगे उडवायला लागल्या. आई गॅलरीतून ओरडतेय, “अगं, तो भारीचा साबण आहे!” अशा गोंधळात मी जमिनीवर आडवी, इनटेक मॅनिफोल्डखाली आरसा घालून बघतेय, आणि अगदी खालच्या वळणावर, जिथे वरून नजर पोचतच नाही, तिथे बारीक बारीक बुडबुडे येताना दिसले. एकामागून एक, संथ.

तो क्रँककेसच्या श्वासाचा पाइप होता. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ याच नळीतून परत आत घेतली जाते. वर्षानुवर्षं तेल पिऊन तिचं रबर जास्त पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखं झालं होतं. बोटाने दाबलं तर दबलेलंच राहिलं, आणि वळणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर. वरून हात फिरवला तर नळी धडधाकट वाटते. मी ती काढून काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, “एवढ्याशाला लाख रुपये?” तुला काय सांगू, तेव्हा किती बरं वाटलं!

चढावरचा दम मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडला होता. पाय काढल्यावर टर्बोची दाबलेली हवा मागे वळवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यात रबराचा पातळ पडदा. पडदा फाटला की हवा आतल्या आतच परत फिरते, त्यामुळे बुडबुड्यांत हे सापडत नाही. व्हॉल्व्ह काढून हातात घ्यायचा, आतला दट्ट्या दाबायचा, वरच्या नळीवर अंगठा ठेवायचा आणि दट्ट्या सोडायचा. पडदा धड असेल तर दट्ट्या दाबलेलाच राहतो. माझा टुण्णकन परत आला. यंत्र नाही, वीज नाही, फक्त अंगठा. आपल्याला तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही हे.

सामानासाठी कुर्ल्याला गेले, सीएसटी रोडला. अजून तसंच आहे गं ते. दुकानाबाहेर गाड्यांची दारं भाजीसारखी रचलेली आणि आत बसलेला माणूस, ज्याला नळीचा तुकडा दाखवला की गाडीचं नाव न विचारता सांगतो. पद्मिनी जिथे बनायची तो प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यालाच होता. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, तेव्हा तू फोनवर रडली होतीस. मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांची गाडी चोक ओढून, दोन शिव्या घालून आणि आपल्याकडून ढकलून घेऊन सुरू व्हायची, पण बिघडली कुठे ते बाबांना दहा मिनिटांत कळायचं. माझ्या हातातला धीर त्यांचाच आहे. गोरेगावच्या तुमच्या जिन्याखाली बसून कार्ब्युरेटर साफ करताना ते म्हणायचे, आधी बघ, मग हात लाव. पाना उचलताना अजून ते ऐकू येतं.

गोरेगावचं निघालंच आहे तर एक बातमी. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे, १२.२ किलोमीटरचा, त्यात राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. पूर्ण झाला की तुझं माहेर आणि माझं घर डोंगराच्या आरपार शेजारी होईल. एलबीएस रोडवर मेट्रोचे खांब आहेत, धूळ आहे, तरी तुला ओळखू येईल एवढं मुलुंड शिल्लक आहे. आमची बिल्डिंग मात्र पुनर्विकासात जातेय. सही केली, पण पार्किंगच्या कोपऱ्याकडे बघून पोटात कालवलं. नव्या इमारतीत म्हणे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवणार. तिथे बोनेट कुठे उघडायचं?

सगळंच घरी करतेय असं समजू नकोस. टायमिंग बेल्टला मी हात लावणार नाही. या इंजिनात तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, मग सगळंच संपतं. आधीच्या मालकाने तो कधी बदलला याची एकही पावती नाही, म्हणून पुढच्या महिन्यात घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलून घेणार. त्याला फोनवर लक्षणं सांगितली, तर त्याने पहिल्यांदा विचारलं, “आवाज थंड गाडीत येतो की गरम?” असा माणूस मला चालतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही मी कधी जात नाही, आधी खाली घोड्या लावते. आईला तूही हे एकदा फोनवर सांग, माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही.

हे सगळं वेळेत व्हायला हवं होतं, कारण गाडीला वीस वर्षं झाली. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी. मिसिंग मारणारी गाडी घेऊन वडाळ्याच्या आरटीओत कुठल्या तोंडाने उभी राहणार? आज संध्याकाळी ऐरोली पुलावर नेली. तिसरा गिअर, पाय दाबला, आणि ती उचलली गेली. मागे लेक किंचाळली, “आई, अजून!” परतताना सिग्नलला आरपीएमचा काटा जागच्या जागी, हलला नाही. पिवळा दिवा विझलेला. सेक्रेटरीकाका गेटवरच थांबले होते निकाल ऐकायला.

जुन्या गाडीवर लोक फार पटकन फुली मारतात, तुला सांगते. ‘गेलं’ म्हणायला काहीच लागत नाही. ‘काय गेलं’ हे शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारा माणूस गॅरेजमध्ये मिळत नसेल तर आपण द्यावा.

आता तुझं काम. फेब्रुवारीत येशील तेव्हा चॉकलेटं आणू नकोस, इथे सगळी मिळतात. कुर्ल्याहून आणलेली श्वासाची नळी दुसऱ्या गाडीची आहे, कापून बसवलीय, तात्पुरती. मूळची नळी, तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि चार क्लॅम्प तुझ्या गावात मिळतील. नंबर नळीवरच छापलाय, फोटो उद्या सकाळी पाठवते. दुकानात जाऊन स्वतः हातात घेऊन बघ, वाकवून बघ, मगच घे. आणि जुने कपडे आण. बॉल जॉइंट आपण दोघी मिळून बदलणार आहोत.

तुझीच